अंबूचं वाक्य पुरं होईपर्यंत

राजाजीनगरात येऊन 'आर. योगीराज राव कुठे राहतात' असं विचारलंत तर कोणी धड सांगणार नाही. 'कम्प्युटर अण्णा' म्हणालात, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री न ठेवता मानेनंच घर दाखवील. नावातला आर म्हणजे वडील रघुजी. राव हे आडनाव नव्हे. मराठी माणूस तीन-साडेतीनशे वर्षं बेंगळुरात राहिला की ते आपोआप चिकटतं. खरं आडनाव मोहिते, आणि ते फक्त लग्नपत्रिका छापायच्या वेळी आठवतं.

वय चौसष्ट. यशवंतपूरच्या बाजूला एका मशीनच्या कारखान्यात ते लेथवर लागले. तिथे पहिला कम्प्युटर आला तेव्हा त्याच्याजवळ जायला कोणी धजेना, म्हणून साहेबांनी यांना ढकललं. ते निवृत्त होईपर्यंत तिथून उठले नाहीत. 'सी' नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला स्वतःचे स्वतः शिकले. त्या काळच्या मशीनची मेमरी एवढीशी, आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. सीमध्ये जागा लागली की मागून घ्यायची आणि काम झालं की आठवणीनं परत करायची. विसरलात तर मशीन ऐन कामात बसकण मारणार. अशा तालमीत वाढलेला माणूस काटकसरी न होईल तर काय? आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरणं, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणं, जिथे एका शब्दात भागतं तिथे दुसरा न काढणं, हे सगळं त्यातलंच. त्यांना कंजूष म्हणणारेही आहेत, पण ते सगळे नातेवाईक आहेत.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते विचारायची गरज पडत नाही, कारण उत्तर खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसलेलं असतं. ती अंबुबाई, त्यांची धाकटी बहीण, वय सत्तावन्न. जन्मतानाच श्वास कोंडला आणि मेंदूला मार बसला. हात, पाय, जीभ यांतलं काहीच तिच्या हुकमात राहिलं नाही. डोळे, कान आणि अक्कल मात्र शाबूत, आणि अक्कल तर घरातल्या कोणाहीपेक्षा दोन बोटं जास्तच. शाळेनं घेतलं नाही, म्हणून मुळाक्षरं योगीराजांनीच तिला पाटीवर गिरवून दाखवली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ती दोनच शब्द बोलली. नजर वर केली की 'हो' आणि मान वळवली की 'नाही'. तेवढ्यात माणसाचं किती भागणार?

मग योगीराजांनी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला. कारखान्यानं मोडीत काढलेला कम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला. पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी, ठिपका ठिपका जोडून त्यांनीच काढलेल्या. एक पिवळी पट्टी त्या ओळींवरून खाली सरकत जाते. हवी ती ओळ आली की अंबूनं लाल बटण दाबायचं. मग पट्टी त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकते. पुन्हा दाबलं की ते अक्षर लिहिलं जातं. बटण कारखान्यातल्या प्रेस मशीनचं, तळहाताएवढं, तिच्या उजव्या मुठीखाली बसवलेलं. ती मूठ मनात आल्यावर लगेच खाली येत नाही, तिला वेळ लागतो. म्हणून पट्टी अक्षरावर पोचायच्या आधीच अंबूला निघावं लागतं. योगीराज तीन महिने संध्याकाळी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या मुठीवरून पट्टीचा वेग ठरवला: सेकंदाचे दहा भाग केले तर त्यातले सात. तो वेग अंबूच्या अंगात इतका मुरला की ती पट्टीकडे बघेनाशी झाली. भजनात झांज धरणारा काही झांजेकडे बघत नाही, तसं तिचं चालायचं.

एक वाक्य लिहायला आठ-दहा मिनिटं लागत. पहिल्याच आठवड्यात पुरुषोत्तमकाका बघायला आले आणि त्यांना तो खेळ वाटला. अंबूनं लिहिलं, 'काका आज फार'. काका म्हणाले, "दमलात!" अंबू लिहीत राहिली. काका म्हणाले, "लवकर आलात! छान दिसता!" अंबूनं शांतपणे उरलेला शब्द पुरा केला: 'बोलतात'. त्या दिवसापासून घरात नियम झाला. अंबूचं वाक्य दुसऱ्या कोणी पुरं करायचं नाही. घाई असेल त्यानं नंतर यावं, पण बसला तर शेवटच्या अक्षरापर्यंत बसावं. पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबर हा नियम सांगितला जाई. धाकटा भाऊ अजित जे. पी. नगरला राहतो, त्याची मुलगी दिव्यश्री लहानपणी या आत्याजवळ बसून बोलणं पुरं व्हायची वाट बघत बघतच वाचायला शिकली. थोडंच बोलायला मिळत असल्यामुळे अंबू फुकटचं काही बोलत नसे, आणि जे बोले ते लोक महिनाभर एकमेकांना सांगत.

अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मग कम्प्युटर म्हातारा झाला. योगीराज एस. पी. रोडवरच्या दुकानांत सुटे भाग शोधत हिंडले. एका दुकानदारानं हार्ड डिस्क हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "अण्णा, हे आता म्युझियममध्ये मिळेल." दुसरा काही उपाय नव्हता. प्रोग्राम नव्या टॅबवर न्यायला हवा होता आणि त्यासाठी तो नव्या भाषेत, जावामध्ये, लिहायला हवा होता.

वरच्या खोलीत निधी भाड्यानं राहते. पुण्याची, आयटीतली, रोज मेट्रोनं कामाला जाते. तिनं रविवारचे तास दिले. योगीराज वही घेऊन बसत.

"काका, मेमरीचं टेन्शन तुम्ही घेऊच नका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "जावामध्ये सगळं ऑटोमॅटिक आहे. लागलं की नवीन घ्यायचं, झालं की सोडून द्यायचं."

"परत द्यायचं नाही?"

"नाही हो. मागून सिस्टिम येते आणि कचरा उचलते."

"येते म्हणजे, केव्हा येते?"

"तिला वाटेल तेव्हा," निधी हसून म्हणाली. "तुम्हाला कळणारपण नाही."

योगीराजांनी वहीत लिहून घेतलं. प्रश्न नेमका विचारला होता, उत्तर ऐकून सोडून दिलं. जन्मभर पै-पैसारखी मेमरी जपलेल्या माणसाला कोणी म्हणालं, आता उधळा, तर त्याला काय होणार? लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर जेवून हात धुवायला उठावं, पान उचलणारा उचलील, तसं त्यांना वाटलं. जुना प्रोग्राम त्यांनी ओळीला ओळ ठेवून जावात उतरवला आणि जिथे पूर्वी एकच जागा पुसून पुन्हा वापरली होती तिथे दर वेळी नवी घेतली. पट्टी एक पाऊल सरकली की अख्ख्या पडद्याचं नवं चित्र, प्रत्येक अक्षराची नवी प्रत. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली आणि एकमेव उधळपट्टी.

वर्षभरानं प्रोग्राम उभा राहिला. तो तपासला कारखान्याच्या रिवाजानं. घड्याळ लावून पट्टीची शंभर पावलं मोजली. सत्तर सेकंद व्हायला हवे होते, बरोबर सत्तर झाले. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा सत्तर. जानेवारीत टॅब अंबूच्या खुर्चीला बसला आणि जुना कम्प्युटर चादर घालून कोपऱ्यात गेला. आता अक्षरं नुसती दिसत नव्हती, वाक्य झालं की टॅब ते बोलूनही दाखवी. अंबूनं पहिलं वाक्य लिहिलं, 'माझा आवाज इतका गोड असेल वाटलं नव्हतं', आणि सगळे हसले. त्यात तीन अक्षरं चुकली होती. नवं आहे, बसेल हात, असं म्हणून सोडून दिलं.

हात बसला नाही. 'म' हवा तर 'भ' पडे. खोडून पुन्हा लिहावं तर दोन शब्द बरे जात आणि तिसरा बिघडे. मार्च आला तशी अंबू लहान वाक्यं करू लागली, मग नुसते शब्द. 'सरी' म्हणजे ठीक आहे, हा कानडी शब्द तिला दोनच अक्षरांत जमे, म्हणून ती प्रत्येकाला 'सरी' म्हणू लागली. जेवण कसं झालं, सरी. निधीची आई भेटायला आली, सरी. योगीराज तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांमध्ये वयानुसार स्नायूंचा ताबा कमी होतो, मनाची तयारी ठेवा. दोघांनीही ते ऐकलं. अंबूच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

घरी आल्यावर योगीराजांनी तिला सोपं जावं म्हणून पट्टीचा वेग कमी केला. सातचे नऊ केले, मग अकरा. अठ्ठावीस वर्षं अंगात मुरलेला ताल त्यांनी मायेपोटी मोडला आणि चुका दुपटीनं वाढल्या. मग तिची तगमग बघवेना, तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते तिची वाक्यं पुरी करू लागले. 'मला पा' म्हणाली की पाणी. 'खिड' आलं की खिडकी उघडायची. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांना नियम आठवला, नाही असं नाही. पण थकलेल्या माणसाला चालायला हात देतो, त्याला काय नियम लावायचा, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

एप्रिलमध्ये दिव्यश्रीचं लग्न ठरलं. अजित पत्रिका घेऊन आला, अंबूच्या मांडीवर ठेवली, पाया पडला आणि गेला. संध्याकाळी अंबूनं लिहिलं, 'मला लग्नाला'. पुढचं अक्षर चुकलं. खोडलं, पुन्हा चुकलं. तीनदा असं झालं. योगीराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गर्दीत नको वाटतं ना? मला ठाऊकच होतं. सरी, मी सांगतो अजितला. तो समजून घेईल."

नाही म्हणायला अंबूला मान वळवता येत होती. तिनं वळवली नाही. डोळे मिटून घेतले. मेमध्ये लग्न झालं तेव्हा योगीराज सकाळी गेले आणि अक्षता पडताच जेवणाला न थांबता परत आले. दिवसभर अंबूजवळ गंगव्वा होती, तिचं सगळं करणारी बाई. पंधरा वर्षं या घरात आहे, मराठी सगळं समजतं, बोलते मात्र कानडीच.

ऑगस्टच्या शेवटी एकदा गंगव्वा भाजी निवडत बसली होती. बोलता बोलता आपल्या कानडीत म्हणाली, "अण्णा, अक्काच्या हाताला काय झालंय म्हणता?"

"वय," योगीराज म्हणाले.

"मग रेडिओवर गाणं लागलं की बटण कशी बरोबर वाजवते? टॅब बंद असतो तेव्हा रोज वाजवते. ठेक्यावर. एक ठेका चुकत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकते ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाण्यांच्या वेळेला योगीराज बाहेर जातो म्हणाले आणि दाराआड उभे राहिले. आत लाल बटणाचा टक् टक् आवाज येत होता. गाणं संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. एकही ठोका मागेपुढे नव्हता. हात बिघडलेला नाही हे त्यांना कळलं, आणि मग बिघडलंय काय हेही कळलं, कारण आता शिल्लक दुसरं काही राहिलंच नव्हतं.

रविवारी निधी खाली आली. त्यांनी शंभर पावलांचे सत्तर सेकंद दाखवले.

"काका, हे ॲव्हरेज झालं," ती म्हणाली. "ॲव्हरेज नका बघू. प्रत्येक स्टेपला किती वेळ लागला ते लिहून काढू या."

प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या आणि आकडे कागदावर काढले. योगीराज फूटपट्टी धरून एकेक ओळ वाचू लागले. वेग त्यांनी पुन्हा सातवर आणला होता. सात, सात, सात, सात. वीस-बावीस ओळी सात. मग एकदम दहा, आणि त्याच्या खाली चार. पुन्हा सात, सात, सात. पुन्हा दहा आणि चार.

निधीचा चेहरा उतरला. "गार्बेज कलेक्शन," ती हळूच म्हणाली. "कचरा उचलायला येते तेव्हा पट्टी थांबते. पण पुढचं चार कसं?"

"ते माझं," योगीराज म्हणाले. "उशीर झाला तर पुढच्या पावलात भरून काढ, असं मीच लिहिलंय. कारखान्याची सवय. शिफ्टचा आकडा पुरा व्हायला हवा ना."

म्हणजे पट्टी अडखळायची आणि मग धावायची, आणि बेरीज चोख यायची. बघून लिहिणाऱ्या माणसाला ते कळलंही नसतं. अंबू तालावर लिहिणारी. तिची मूठ निघालेली असे आणि पडद्यावरची पट्टी जागेवर नसे. जितकं लांब वाक्य, तितक्या वेळा पंगत थांबवून पानं उचलणारे येणार.

"काका, सॉरी. कळणारपण नाही असं मीच म्हटलं होतं."

"तू तुझ्या मशीनवरून बोललीस. हा टॅब स्वस्तातला, तो मी घेतला," योगीराज म्हणाले, आणि त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. त्यांना आकडे दिसत नव्हते, मार्चपासूनचे 'सरी' दिसत होते. बहीण स्वतःच्या हाताला दोष देत गप्प होत गेली आणि आपण शेजारी बसून तिला धीर देत होतो.

पुढचे बारा दिवस त्यांनी प्रोग्राम पुन्हा लिहिला, या वेळी स्वतःच्या स्वभावानं. सुरुवातीलाच लागेल तेवढी जागा घ्यायची आणि मग शेवटपर्यंत कोणाकडे काही मागायचं नाही. चित्र एकच. पट्टी सरकली की तेवढाच तुकडा पुसायचा आणि तिथेच पुन्हा काढायचा. अक्षरं एकदा काढली की काढली. भरून काढायची ती ओळ त्यांनी सगळ्यात आधी खोडली. निधीनं वाचून बघितलं आणि म्हणाली, "काका, हे जावा वाटतच नाहीये. जावाचे कपडे घातलेलं सी आहे." पण कागदावर पहिल्या ओळीपासून दोन हजाराव्या ओळीपर्यंत सात, सात, सात होते. उचलायला कचराच नव्हता, येणार कशाला?

सोमवारी सकाळी त्यांनी अंबूची खुर्ची खिडकीशी आणली, टॅब लावला आणि समोर स्टूल घेऊन बसले.

"अंबू, तुझा हात बिघडला नव्हता. माझा प्रोग्राम बिघडला होता. पट्टी मधेच अडखळत होती आणि मला ते दिसलं नाही. तू बरोबर दाबत होतीस. आठ महिने तू बरोबर दाबत होतीस."

अंबू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची मूठ उचलली गेली आणि खाली आली. पट्टी तिथेच होती. दुसरं अक्षर पडलं, तिसरं पडलं. पाचव्या-सहाव्या अक्षरानंतर तिनं पडद्यावरची नजर काढून खिडकीबाहेर लावली आणि मूठ आपली चालत राहिली. योगीराजांनी हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले होते. दहा मिनिटांनी टॅब बोलला:

'मला वाटलं आता मी पुन्हा मुकी होणार'

योगीराज रडले. आईवडील गेले तेव्हा चारचौघांत न रडलेला माणूस, स्टुलावर बसून गंगव्वासमोर रडला. अंबू ते आवरायची वाट बघत थांबली, आणि त्यांनी डोळे पुसल्यावर पुन्हा लिहू लागली. या वेळी बारा मिनिटं लागली.

'मला लग्नाला नवी साडी नेसून यायचं होतं'

त्यांनी ते वाचलं, टॅबच्या आवाजात ऐकलं. लग्न होऊन चार महिने झाले होते. ते काही परत होणार नव्हतं. जाऊ दे, दिव्यश्रीला घरी बोलावू, तेव्हा नेस, असं सगळं तोंडाशी आलं, आणि आपण पुन्हा तिच्या वाक्याला आपलं शेपूट लावायला निघालो हे ध्यानात येऊन ते थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या रंगाची?"

पट्टी सरकू लागली. 'म' पडला. मग 'मो' झालं. गेली कित्येक वर्षं अंबूचे गाऊन, शाली, सणाच्या साड्या तेच आणत आणि मोतिया रंगाच्याच आणत, कारण तो सौम्य दिसतो आणि तिनं कधी नको म्हटलं नव्हतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. गंगव्वानं कॉफी आणून ठेवली, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. 'र' पडला. त्यानंतर 'प', त्याच्यावर अनुस्वार, आणि मग 'खी' व्हायला आणखी बराच वेळ गेला. अंबूनं मूठ बाजूला घेतली.

'मोरपंखी', टॅब म्हणाला.

सत्तावन्न वर्षांत त्यांनी तिच्यासाठी तो रंग एकदाही आणला नव्हता. तिला तो आवडतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.